दुसऱ्या बाजूवरचं नाव

लॉर्ना पाइक कुठेही गेली तरी आधी दार बघायची. चर्च असो, किराणा दुकान असो, नाहीतर डेलमार स्टाइल्सच्या घरचं रविवारचं जेवण असो. दार समोर दिसेल आणि पाठीला भिंत लागेल अशी खुर्ची मिळेपर्यंत बाई उभीच. कॅलिफोर्नियातल्या आमच्या ऑइलडेलमधल्या लोकांना वाटायचं, जरा विक्षिप्त आहे. फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, वाजवणारी माणसं असतातच तशी, असं म्हणून सगळे मोकळे व्हायचे. आमच्याकडे कुणाच्या वागण्याचं कारण सापडलं नाही की त्याच्या वाद्यावर खापर फोडायची पद्धत आहे.

खरी गोष्ट अशी की लॉर्ना पाइक नावाची बाई मुळात नव्हतीच. 'लॉर्ना' तिने बसमध्ये कुणी टाकून दिलेल्या सिनेमाच्या मासिकातून उचललं होतं आणि 'पाइक' वाटेतल्या एका दुकानाच्या पाटीवरून. अडुसष्ट साली ती आर्कन्सातल्या येल्व्हिल गावाहून निघाली तेव्हा तिचं नाव लिओना फे टॅकेट होतं. वय पंचवीस, अंगात नवऱ्याचा कोट, आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं आजोबांचं फिडल. नवरा कॉय टॅकेट लाकडाच्या गिरणीत कामाला होता. गावात त्याच्यासारखा गोड बोलणारा माणूस नव्हता. म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलून द्यायचा, चर्चमध्ये खुर्च्या मांडायचा. घरी त्याने एकदा तिचा डावा हात दाराच्या फटीत धरला आणि दार हळूहळू लावलं. आदळलं नाही, हळूहळू लावलं. मग म्हणाला, "आता वाजव."

करंगळी वाकडी झाली ती झालीच. पुढे ती तीन बोटांवर वाजवायला शिकली. पण तिला बोटाची आठवण कमी यायची, त्याच्या एका वाक्याची जास्त. "तू कुठेही गेलीस तरी मी येईन, लिओ. मला घाई नाही." हे तो ओरडून म्हणाला असता तर कदाचित ती विसरली असती. तो बटाटा सोलता सोलता म्हणाला होता.

चार वर्षं गावं बदलत ती ऑइलडेलला पोचली आणि तिने लाँड्रीत काम धरलं. तेलविहिरींवरच्या माणसांचे डगले धुवायचे, काळंकुट्ट पाणी ओतायचं, जेवणाच्या सुट्टीत मागच्या अंगणात फिडल काढायचं. तिथेच डेलमारने तिला ऐकलं. डेलमार म्हणजे कॅनॉल रोड बँडचा म्होरक्या: पन्नाशीचा, पोट सुटलेला, बदामाचा ट्रक चालवणारा, आणि गळा असा की चर्चमधल्या बायका त्याच्या सगळ्या चुका माफ करायच्या. दहा वर्षांचा असताना तो ओक्लाहोमाहून गादीवर बसून आला होता. गादी गाडीच्या टपावर होती. त्याचा बँड गावाकडचीच गाणी वाजवायचा, पण विजेच्या गिटारी आणि ड्रमच्या दणक्यात. म्हातारी माणसं म्हणायची कान फुटतात, तरणी म्हणायची जुनाट आहे, आणि दोघंही दर रविवारी दुपारी गावच्या नाचाच्या हॉलमध्ये हजर.

"बाई, दुपारचं काय करतेस रविवारी?" डेलमारने विचारलं.

"काही नाही."

"मग ते काही-नाही आमच्याबरोबर कर."

ती हो म्हणाली. का म्हणाली, हे तिला स्वतःलाही कळलं नाही. लपलेल्या माणसाने स्टेजवर चढावं हा शुद्ध मूर्खपणा होता. पण हॉल लहान, दार समोर, पाठीला भिंत. आणि सहा दिवस डगले धुतल्यावर सातव्या दिवशी हाताला काहीतरी दुसरं लागतंच.

दोन वर्षं अशी गेली. मग चौऱ्याहत्तरच्या वसंतात लॉस एंजेलिसच्या एका छोट्या कंपनीने त्यांची रेकॉर्ड काढायचं ठरवलं. डेलमारच्या डोक्यात कल्पना होती: एक बाजू स्टुडिओत करायची, दुसरी हॉलमध्ये, लोकांसमोर. "स्टुडिओत आपण आंघोळ करून बसल्यासारखे वाजवतो," तो म्हणायचा. "लोकांना आपला घामही ऐकू द्या की."

स्टुडिओ वॉल्ट नाकागावाचा. पूर्वी तिथे पीच खोक्यात भरायचे. उन्हाळ्यात अजूनही वास यायचा. वॉल्ट बोलायला महा-कंजूष. पहिल्या बाजूची पाच गाणी चार दिवसांत झाली. लॉर्नाला स्टुडिओ आवडला. खिडकी नव्हती, दार एकच होतं आणि ते आतून बंद व्हायचं.

अडचण कागदाने केली. वादक संघटनेचं सभासद झाल्याशिवाय रेकॉर्डवर वाजवता येत नव्हतं, आणि फॉर्मवर खरं नाव, जन्मगाव, सरकारी नंबर, सगळं लागायचं. खोटं लिहिलं आणि सापडलं तर अख्ख्या बँडची टेप कंपनी परत पाठवणार, असं वॉल्ट म्हणाला. लॉर्ना अर्धा तास फॉर्म समोर घेऊन बसली. शेवटी तिने खरं ते लिहिलं. फॉर्म गोळा करायचं काम म्होरक्याचं. डेलमारने चष्मा लावून तो वाचला आणि त्याचा चेहरा उजळला.

"लिओना फे टॅकेट! हे तुझं नाव? अगं, केवढं भारदस्त नाव आहे! आणि येल्व्हिल! दोन वर्षं गाव विचारतोय तुला, बोलली नाहीस ती."

"जुनं आहे ते," ती म्हणाली.

तेव्हाच तिने बोलायला हवं होतं. पण का घाबरतेस हे सांगितलं की आपण निम्मे सापडलो, असं तिच्या मनाने घेतलं होतं, आणि सहा वर्षांची सवय एका मिनिटात मोडत नाही. ती नुसती हसली. डेलमारला वाटलं, लाजली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. हॉलमध्ये गाणी सुरू असताना म्होरक्या एकेकाचं नाव घेतो आणि त्याचं मूळ गाव सांगतो. इथला जवळजवळ प्रत्येक माणूस तीसच्या दशकात धुळीच्या वादळांनी शेतं उजाड केली तेव्हा कुठून कुठून उठून आलेला. कापूस वेचायला आला आणि राहिला. त्यामुळे "ड्रमवर ज्युनियर प्रुइट, सॅलिसॉ, ओक्लाहोमा!" असं म्हटलं की सॅलिसॉची माणसं शिट्ट्या मारतात, टोप्या उडवतात. गाव सांगणं म्हणजे मान देणं. लॉर्नाच्या वेळी डेलमार फक्त "आणि फिडलवर आपली लॉर्ना!" म्हणायचा. लोक ओरडायचे, "कुठली? कुठली?" तो म्हणायचा, "आभाळातून पडली." दोन वर्षं हा विनोद चालला आणि दोन वर्षं तो डेलमारला सलला. आपल्या माणसाला गाव नसावं?

मे महिन्यातल्या त्या रविवारी हॉल खच्चून भरला होता. वॉल्टने टेपचं यंत्र व्हॅनमध्ये ठेवून व्हॅन मागच्या दाराशी लावली होती. स्टेजवर जिकडे तिकडे मायक्रोफोन, आणि लोकांच्या टाळ्या टिपायला दोन छताला टांगलेले. दुपारचे तीन. 'लंगडी कोंबडी' सुरू व्हायची होती. ही तिच्या आजोबांची चाल. हिच्यात पद्धत अशी की डेलमारने नाव उच्चारलं रे उच्चारलं की फिडलने टाळ्या थांबायची वाट न बघता सुरू व्हायचं, श्वासभरही थांबायचं नाही.

डेलमार माइकपाशी गेला. त्याने तिच्याकडे बघून डोळा मारला.

"आणि फिडलवर... फार दिवस लपवून ठेवली आम्ही ही! लिओना फे टॅकेट! येल्व्हिल, आर्कन्सा!"

तिची नजर दाराकडे गेली. हाताने मात्र सवयीप्रमाणे गज तारांवर टाकला. गर्दीतून पिवळ्या झग्यातली एक बाई दोन्ही हात उंचावून किंचाळत होती, "येल्व्हिल! मी फ्लिपिनची! शेजारचीच!" लिओना वाजवत होती, पण वाजवण्यापेक्षा ती पळत होती म्हणणं खरं. नेहमीपेक्षा दीडपट वेग. ज्युनियर ड्रमवर तिला गाठायला धापा टाकत होता. डोळे दारावर, आणि दारातून येणारा प्रत्येक माणूस कॉयच्या उंचीचा. गज तारांवरून घसरायचा तिथे घसरला, आणि घसरताना असा काही सूर निघाला की माणसं नाचायची थांबून बघायला लागली. लोकांना वाटलं, बाईला आज आनंद झालाय.

शेवटचा सूर संपताच ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि वॉल्टच्या व्हॅनमागे जाऊन ओकली. कान गच्च झाले होते, आत काय चाललंय ते कळत नव्हतं. तोंड पुसून वळते तो पिवळा झगा समोर उभा.

"कुणाच्या घरातली गं तू? टॅकेट म्हणजे गिरणीतल्या कॉयच्या नात्यातली का? फार भला माणूस! आईला लिहिते आज पत्रात. तिला किती बरं वाटेल."

"नाही," लिओना म्हणाली. आवाज कुठून आला कुणास ठाऊक. "आम्ही ते नव्हे. वरच्या अंगाचे टॅकेट. पुष्कळ आहेत."

"हो, पुष्कळ आहेत खरे," बाई म्हणाली आणि तिला पेलाभर लिंबू सरबत देऊन गेली.

त्या संध्याकाळी तिने बॅग भरली. बसची वेळ तिला पाठ होती; सहा वर्षांत तिने दर गावाच्या बसची वेळ पाठ ठेवली होती. मग पलंगावर बसून विचार केला. ती पळाली तरी टेप कुठे पळणार होती? टेपवर तिचं पूर्ण नाव होतं, गावासकट. हजार रेकॉर्डी निघणार, त्यातली एखादी आर्कन्साच्या रेडिओवर लागणार, आणि कॉय गिरणीतून घरी येऊन बूट काढता काढता ती ऐकणार. मग तो ऑइलडेलला येणार, डेलमारशी गोड बोलणार, आणि भोळा डेलमार त्याला जेवायला बसवून ती कुठल्या बसने गेली तेही सांगणार. तिला हे सगळं इतकं स्पष्ट दिसलं की ती उठून खिडकीची कडी पुन्हा तपासून आली.

बुधवारी ती स्टुडिओत गेली. डेलमार, ज्युनियर आणि वॉल्ट दुसऱ्या बाजूची जुळवाजुळव करत बसले होते.

"ते माझं नाव काढून टाका," तिने दारातूनच सांगितलं.

डेलमारला हे लागलं. "का? मान दिला मी तुला. लोकांना किती आवडलं!"

"मला नको. काढा."

वॉल्टने वाद घातला नाही. टेप लावली, डेलमारच्या माइकचा आवाज पूर्ण बंद केला आणि ऐकवलं. नाव तिथेच होतं, फक्त जरा लांबून आल्यासारखं. त्याने ड्रमचा माइक बंद केला. नाव होतं. फिडलच्या माइकमध्ये तर चांगलं ठसठशीत होतं.

"डेलमारचा गळाच तसा," वॉल्ट म्हणाला. "सगळ्या माइकांत शिरलाय. कापायचं तर तुमची सुरुवातही कापली जाईल. एकच करता येईल. सुरुवात इथे पुन्हा वाजवा. मी वर टाळ्या चढवतो आणि पुढे हॉलची टेप जोडतो. कुणाला कळणार नाही."

म्हणजे हॉलच्या बाजूला स्टुडिओचं ठिगळ. डेलमारने तोंड वाकडं केलं, पण मान डोलावली. लिओनाने फिडल काढलं.

पहिल्यांदा सूर चुकले. दुसऱ्यांदा सूर बरोबर आले पण वेग मेला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, सातव्यांदा तेच. एकूण अकरा वेळा तिने 'लंगडी कोंबडी' सुरू केली आणि अकराही वेळा वॉल्टने काचेमागून नुसतं डोकं हलवलं.

ज्युनियरला राहवलं नाही. "बाई, रविवारी शेपटाला आग लागल्यासारखी वाजवत होतीस. आज मयताला आल्यासारखी काय वाजवतेस?"

"कारण रविवारी मला वाटलं तो मला मारायला येतोय!"

हे इतक्या मोठ्याने बाहेर पडलं की तिचं तिलाच दचकायला झालं. मग थांबता येईना. तिने डावा हात पुढे केला, करंगळी दाखवली, दार किती हळू लावलं ते सांगितलं, आणि बटाटा सोलताना तो काय म्हणाला होता तेही सांगितलं. ज्युनियरने ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या. वॉल्टने यंत्र बंद केलं. डेलमार उठून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"मला सांगायचं होतंस, पोरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याकडे असं बघितलं असतं. आता बघताय तसं."

डेलमार वॉल्टकडे वळला. "ती कोंबडी टाकून दे. दुसरं एखादं घे तिच्या जागी."

"तेवढ्याने भागणार नाही," वॉल्ट म्हणाला. "तिच्यानंतरचं ऐका."

त्याने टेप पुढे नेली. शेवटचा सूर, मग टाळ्या, मग पाय आपटण्याचा आवाज. आधी विस्कळीत, नंतर एका तालात. आणि त्या तालावर चारशे माणसं ओरडत होती: "लि-ओ-ना! लि-ओ-ना!" ती व्हॅनमागे ओकत होती तेव्हाचं होतं हे. डेलमारने पुढचं गाणं सुरू केलं तरी लोक थांबले नव्हते. कडव्यांच्या मध्ये नाव, त्याच्या पुढच्या गाण्यात नाव, अगदी शेवटपर्यंत कुणीतरी एक म्हातारा बेंबीच्या देठापासून "लिओना, ये की परत!" म्हणत होता.

"ही अख्खी बाजू तिच्या नावाने भरलीय," वॉल्ट म्हणाला. "काढायचं तर सगळी बाजू जाते. आणि कंपनीला अर्धी रेकॉर्ड नको आहे."

डेलमार पन्नाशीचा होता. तीस वर्षं तो ट्रक चालवून गात होता आणि ही त्याची पहिली रेकॉर्ड होती, बहुतेक शेवटचीही. त्याने एकदा टेपच्या चाकाकडे पाहिलं.

"टाकून दे," तो म्हणाला. "सगळी टाक. कंपनीला सांग, आमच्याकडून बिघडली."

लिओनाला तेव्हा हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"परत लावा ते," ती म्हणाली.

वॉल्टने लावलं. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. या वसंताआधी हे नाव तिने शेवटचं ऐकलं ते कॉयच्या तोंडून, बंद दाराच्या पलीकडून, मायेने, "लिओ, दार उघड, लिओ." त्यानंतर सहा वर्षं कुणीच नाही. तिला वाटत होतं ते नाव त्याच्याकडेच राहिलंय. आणि इथे पाय आपटून आपटून चारशे माणसं ते मागत होती, तिला परत बोलवायला, तिच्या वाजवण्यासाठी. तिला रडू आलं. भीती कमी झाली असं मुळीच नाही.

"राहू द्या," ती म्हणाली.

"लिओना, तो येईल."

"येईल. तो म्हणाला होता, मला घाई नाही. सहा वर्षं मीच घाईत आहे, डेलमार. दमले मी."

डेलमारने पुष्कळ समजावलं. ज्युनियरनेही समजावलं. ती बधली नाही. फक्त निघताना म्हणाली, "दुकान बंद व्हायच्या आत मला न्या. दाराला मोठा अडसर घ्यायचाय."

डेलमारने अडसर स्वतः बसवला. तो बसवत असताना हॉलवर तिकिटं फाडणारी ओपल रेनफ्रो तिथे आली. सत्तरीची, पाच पोरं वाढवलेली, जिभेला हाड नसलेली बाई. डेलमारने तिला सांगितलं नव्हतं, लिओनानेच सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर दुसऱ्यांदा तितकं जड गेलं नाही.

"दिसतो कसा?" ओपलने विचारलं.

लिओनाने सांगितलं. उंची, भुरे केस, डाव्या भुवईत खाच, बोलायला साखर.

"आणि नाव?"

"कॉय. कॉय टॅकेट."

"बरं," ओपल म्हणाली. "तुझं नाव जगजाहीर होणार, मग त्याचंच का झाकून ठेवायचं?"

सप्टेंबरात रेकॉर्ड आली. पाकिटावर तिचं खरं नाव छापलं होतं. डेलमारने पहिली प्रत तिला दिली तेव्हा ती पाहून तिला आनंद झाला आणि त्याच रात्री ती अंगावर कपडे ठेवून झोपली. पुढचे दोन महिने कसे गेले हे तिचं तिला माहीत. लाँड्रीत कुणी मागून हाक मारली की हातातलं सांडायचं. गल्लीत अनोळखी ट्रक दिसला की ती दुसऱ्या वाटेने जायची. रेडिओवर 'लंगडी कोंबडी' लागली की इतर बायका आवाज मोठा करायच्या आणि ती मोरीत जाऊन नळ सोडायची. वजन उतरलं. एकदा तर ती डेलमारला म्हणालीही, "चुकलं माझं. काढायला हवं होतं." पण तोवर रेकॉर्ड दुकानात गेली होती.

नोव्हेंबरात तो आला. कापसाची वेचणी संपली होती, रविवारची दुपार, हॉल भरलेला. लिओना स्टेजवर तार लावत होती. तिने सवयीने दाराकडे पाहिलं आणि तो दारात होता. टोपी हातात, केस पिकलेले, ओपलशी हसून बोलत होता. लिओनाच्या कानात कापूस कोंबल्यासारखं झालं. डेलमारने तिचा चेहरा पाहिला आणि त्याला विचारावं लागलं नाही.

"मागे गाडी आहे," तो पुटपुटला. "ज्युनियर घेऊन जाईल. चल."

तिने नकारार्थी मान हलवली. पुढे लोक म्हणायचे, बाई काय धीराची! ती म्हणायची, धीर कसला, पाय उचलत नव्हते.

दारात कॉयने तिकिटाचे पैसे पुढे केले. ओपलने ते घेतले, तिकीट फाडलं, आणि तिच्या त्या खणखणीत आवाजात, अर्ध्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "या, कॉय टॅकेट! येल्व्हिल, आर्कन्सा!"

त्याचं हसू तसंच राहिलं, पण पाय अडखळला. तो आत सरकला. दाराजवळच्या टेबलावरचा एक तेलविहिरीवाला वर न बघता म्हणाला, "कसं काय, कॉय?" पलीकडची म्हातारी म्हणाली, "बसा ना, कॉय. इथे बसा, सगळ्यांना दिसाल असे." खांबापाशी दोन भाऊ उभे होते, त्यांनी टोपीला हात लावला, "कॉय." पिवळ्या झग्यातली फ्लिपिनची बाई त्याच्या समोर येऊन उभी राहिली, त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "भला माणूस म्हणत होते मी तुम्हाला, कॉय. आईला तसंच लिहिलं होतं. आता दुसरं पत्र लिहिलंय." कुणी त्याला हात लावला नाही, कुणी वाईट बोललं नाही. तो ज्याच्याकडे बघायचा तो माणूस त्याचं नाव घ्यायचा.

डेलमारने त्या दिवशी वादकांची नावं घेतलीच नाहीत. लोकांनीच पाय आपटायला सुरुवात केली. लिओनाने गज टाकला. आयुष्यात इतकं वाईट तिने कधी वाजवलं नसेल. सूर बेसूर, ताल सुटलेला, वाकडी करंगळी आकसून तळव्यात गेलेली. ती पूर्ण वेळ त्याच्याकडेच बघत वाजवत राहिली, कारण नजर काढायची तिची हिंमत नव्हती. कॉय दुसरं गाणं अर्धं होईपर्यंत टिकला. मग त्याने टोपी घातली. जाताना ओपल म्हणाली, "सांभाळून जा, कॉय. गाडीचा नंबर लिहून ठेवलाय आम्ही."

तो परत कधीच आला नाही. पण तो येणार नाही हे तिला कुणी सांगणार होतं थोडंच? ती पुढे एकतीस वर्षं जगली, डेलमारनंतरही त्याच हॉलमध्ये वाजवत राहिली, आणि शेवटपर्यंत कुठेही गेली तरी आधी दार बघायची. दारावरचा अडसर तिने रोज लावला. रात्री उठून तो पुन्हा तपासला. नाव मात्र तिने पुन्हा बदललं नाही.